शहात्तर चेंडू

उपांत्य सामना चार-दोनने जिंकून अर्धा तासही झाला नव्हता, आणि क्लबच्या कँटीनमधल्या कोपऱ्यातल्या टेबलावर अंतिम सामना खेळून, जिंकून, करंडक कुठल्या कपाटात ठेवायचा इथपर्यंत गाडी पोचली होती. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, त्यातला प्रकार. नेदरलँड्समधल्या रायस्वाइकच्या या बेसबॉल क्लबचं नाव ‘रायगर्स’, म्हणजे डच भाषेत बगळे. मराठी मंडळी संघाला सरळ ‘आपले बगळे’ म्हणत. अठरा वर्षांखालच्या आपल्या बगळ्यांनी अकरा वर्षांनी अंतिम फेरी गाठली होती, शनिवारी ब्रेडा शहराच्या संघाशी गाठ होती, आणि बगळ्यांचा पहिल्या नंबरचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, अद्वय हा त्याच टेबलावर बसलेल्या रविकांतचा मुलगा होता. मग वाद लवकर मिटतोय कशाला!

मंजूषाचं म्हणणं, ब्रेडाच जिंकणार. ती डेल्फ्टला संशोधन करायची आणि कुठलीही गोष्ट आकड्यांशिवाय बोलायची नाही. ब्रेडाने शेवटच्या दोन सामन्यांत मिळून एकोणीस धावा काढल्यात, त्यांचे पाच फलंदाज डावरे आहेत, आणि आपल्याकडे अद्वय सोडला तर दुसरा पिचर म्हणजे आनंदीआनंद. रविकांतला यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं. तो नाशिकचा, तरुणपणी क्लबांच्या क्रिकेट सामन्यांना धावफलक लिहिलेला, आणि खेळ कुठलाही असो, आपल्याला तो जन्मतः कळतो अशी त्याची पक्की समजूत. अद्वय शनिवारी ताजातवाना असणार, असं त्याने तिसऱ्यांदा सांगितलं. आज सहा इनिंगमध्ये पोराने फक्त शहात्तर चेंडू टाकले होते. शहात्तर! शेजारच्या टेबलावरच्या डच आजोबांनाही त्याने तो आकडा बोटांवर दाखवला.

शामला तेव्हा कँटीनचा ओटा पुसत होती. ती या क्लबची स्कोअरर. जळगावच्या शाळेत सॉफ्टबॉल खेळली, जिल्ह्याच्या संघात कॅचर होती, आणि लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसावर इथे आली तेव्हा या देशात तिला ओळखीचं वाटलेलं पहिलं ठिकाण म्हणजे हे मैदान. स्कोअररची परीक्षा डच भाषेत. दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली. त्यानंतरही दोन वर्षं तिला लहान मुलांच्याच सामन्यांना बसवलं. या मोसमात कुठे ते जाळीमागचं टेबल तिचं झालं होतं. तिथे बसून तिने ‘एरर’ म्हटलं की ती एरर, ‘हिट’ म्हटलं की ती हिट. उंचापुरे डच बाप वाकून तिला विचारायचे, आणि ती सांगेल ते ऐकून निमूट परत जायचे. हे टेबल तिला फार प्रिय होतं, आणि तसं ती उघड म्हणायची.

पण इथल्या क्लबांत एक रीत आहे. नोकर ठेवत नाहीत. सभासदांनीच पाळीपाळीने कँटीन चालवायचं. सामन्याच्या त्या रविवारी ज्या बाईची पाळी होती ती उगवलीच नाही. चौथ्या इनिंगला तळणीसमोर रांग लागली, कुणी विचारणारं नाही, आणि यादीत दुसरं नाव शामलाचं. शेजारी रविकांत बसलाच होता. तिने पेन्सिल त्याच्या हातात दिली, “जरा दोन इनिंग बघ” म्हणाली आणि बटाटे तळायला गेली. टेबल सोडायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. सहाव्या इनिंगला परत येऊन तिने पाहिलं तर सगळं नीटनेटकं लिहिलेलं. रविकांतचं अक्षर मोत्यासारखं. शेवटी बेरीज आली शहात्तर. पाहुण्या संघाच्या स्कोअरर बाईने मान डोलावली, कागदावर दोघींच्या सह्या झाल्या, आणि तो संघटनेकडे गेला.

आता मंजूषा सहज म्हणाली, की तिला तर चेंडू जास्त वाटले. पाचव्या इनिंगला तो लाल हातमोजेवाला किती वेळ उभा होता, एकामागून एक नुसते रेषेबाहेर, फाउल मारत होता.

रविकांत हसला. “ते कुठे धरायचे? दोन स्ट्राइक झाल्यावर फाउलने काही वाढतच नाही. आपल्या वाइडसारखं. वाइड काय षटकात मोजतात?”

शामलाचा ओट्यावरचा हात थांबला.

वाइड षटकात मोजत नाहीत, हे खरं. बेसबॉलमध्ये दोन स्ट्राइकनंतरच्या फाउलने स्ट्राइक वाढत नाही, हेही खरं. पण चेंडूंची मोजणी काही फलंदाजासाठी नसते. ती असते पिचरच्या खांद्यासाठी, आणि खांद्याला फाउल कळत नाही. हातातून सुटलेला प्रत्येक चेंडू मोजायचा. त्यात मुलांच्या या स्पर्धेत नियम कडक: ऐंशीच्या वर चेंडू गेले की पुढचे सात दिवस त्या मुलाने पिचिंग करायचं नाही. रविवार ते शनिवार, सहा दिवस. रविकांतने लबाडी केली नव्हती. ज्या माणसाच्या हाडीमाशी क्रिकेट मुरलंय, तो जशी चूक करेल तशी त्याने केली होती, अगदी मनापासून आणि सुवाच्य अक्षरात.

तिने ओटा पुसून संपवला. आधी खात्री करायची, मग तोंड उघडायचं, असा तिचा स्वभाव.

सोमवार तिच्या सुट्टीचा. सकाळी नवरा कामाला गेल्यावर तिने चहा केला, जाळीमागच्या कॅमेऱ्याने घेतलेलं सामन्याचं चित्रण लावलं आणि वहीत एकेका चेंडूला एकेक रेघ मारत गेली. चौथी इनिंग, पाचवी इनिंग. त्या लाल हातमोजेवाल्याने एकट्याने सहा फाउल मारले होते. पुन्हा मागे नेऊन मोजलं. मग तिसऱ्यांदा. दर वेळी आकडा तोच आला: एकूण पंच्याऐंशी. मध्ये एकदा कुणी छत्रीवाला कॅमेऱ्यासमोर उभा राहिला होता, तेवढा क्षण सोडून.

तिचा चहा गार झाला. हे कळवायचं म्हणजे काय काय होणार, ते तिला स्वच्छ दिसत होतं. अद्वयचा शनिवार जाणार. अकरा वर्षांनी आलेली संधी बहुतेक जाणार. आणि टेबल का सोडलं हे सांगावं लागणार, म्हणजे ते टेबलही जाणार. न कळवलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. कागदावर सह्या झालेल्या, पाहुणे हरून घरी गेलेले. मूग गिळून बसायचं, एवढंच करायचं होतं. पाच मिनिटं तिने तोही विचार करून पाहिला. आपण काही देवमाणूस नाही, असं तिचं स्वतःबद्दलचं मत होतंच. पण सतरा वर्षांच्या पोराचा खांदा म्हणजे कुणाच्या कपाटातली वस्तू नव्हे. तिने दुरुस्तीचा अर्ज उघडला, आकडा भरला, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: दोन इनिंग मी टेबल सोडून गेले होते, जबाबदारी माझी. रविकांतचं नाव तिने घातलं नाही. अर्ज पाठवलाही नाही. आधी त्याच्या घरी जाऊन त्याला तोंडावर सांगायचं ठरवलं.

संध्याकाळी ती सायकलवरून त्याच्याकडे गेली. रविकांतने ऐकून घेतलं, वही पाहिली, रेघा मोजल्या. त्याचा चेहरा उतरला आणि मग पारा चढला. आधी तो म्हणाला की नऊ चेंडूंनी काय आभाळ कोसळतंय. मग म्हणाला की ब्रेडावाले काय धुतल्या तांदळासारखे आहेत? मग त्याने ठेवणीतलं काढलं: राष्ट्रीय अकादमीचे लोक शनिवारी अद्वयला बघायला येणार आहेत. दोन वर्षं पोरगा याच दिवसासाठी राबतोय.

“झाकली मूठ सव्वा लाखाची, शामला,” तो म्हणाला. “आपलेच दात, आपलेच ओठ. तू गप्प बसलीस तर कुणाचं काय जातंय?”

“त्याचा हात जाईल,” ती म्हणाली. “आणि त्या टेबलावर बसून मग मी काय लिहू? उद्या कोच वाउटरला सांगणार आहे. तुझं नाव घेणार नाही.”

“नावाचं मला काय सांगतेस!” रविकांत उठून खिडकीपाशी गेला. आठ वर्षांची ओळख, गणपतीला एकमेकांकडे आरत्या म्हटलेली घरं, आणि त्या दिवशी त्याने तिला दारापर्यंतही सोडलं नाही. घरी परतताना समोरून वारा होता आणि शामलाला रडू येत होतं. तिने सायकल थांबवली नाही.

मंगळवारी सराव. वाउटर हा मुलांचा प्रशिक्षक, मोजकं बोलणारा, साठीकडे झुकलेला माणूस. मैदानाच्या कडेला उभं राहून शामलाने त्याला डचमध्ये सगळं सांगितलं. एखादं क्रियापद चुकलं असेल, पण मुद्दा एकही चुकला नाही. तिने छापून आणलेला अर्ज त्याने वाचला आणि परत दिला. मग म्हणाला, की आकडा बरोबर असेल तर अद्वय शनिवारी पिच करणार नाही, विषय संपला. आणि स्कोअररने टेबल सोडलं हे समितीपुढे ठेवावं लागेल. शनिवारी टेबलावर दुसरं कुणी बसेल. शामला म्हणाली, “ठीक आहे.” ठीक काही नव्हतं. पण आलेल्या कामातलं अर्धं झालं होतं, आणि उरलेलं अर्धं करायला ती तिथेच उभी राहिली. अद्वयला हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं.

वाउटरने त्याला हाक मारली. तो आला, खांद्यावर किटबॅग, डाव्या हातात मोजा, उजवा हात खिशात. तेवढ्यात कुंपणाच्या दारातून रविकांतही आत आला. तो वाउटरला गाठायला आला होता, हे त्याच्या चालण्यावरूनच कळत होतं. काहीतरी मुद्दे तयार करून आणले असावेत. चौघं एकत्र उभी राहिली आणि कुणी कुणाकडे बघेना. शेवटी शामलाच बोलली. इथे वाढलेलं पोर, मराठी कळायचं पण उत्तर भलत्याच भाषेत द्यायचं, म्हणून तिने हळूहळू सांगितलं. तुझे चेंडू शहात्तर नव्हते. मी चित्रण बघून मोजले. पंच्याऐंशी आहेत. म्हणून शनिवारी तुला पिच करता येणार नाही, आणि ते मी कळवतेय.

तो चिडेल, पाय आपटून निघून जाईल, असं तिला वाटलं होतं. त्याची तयारी ठेवूनच ती आली होती.

“एटी-सिक्स,” तो म्हणाला.

“काय?”

“एटी-सिक्स, मावशी. आय काउंट एव्हरी बॉल. मी नेहमी मोजतो. एक अम्ब्रेलावाला होता ना, तेव्हाचा तुझा राहिला असेल.”

रविकांत पुढे आला. “तुला माहीत होतं? मग बोलला का नाहीस?”

अद्वय मान खाली घालून बुटाने माती उकरत राहिला. मग बापासाठी म्हणून त्याने मराठी शब्द शोधून शोधून काढले. “बाबा, तू सगळ्यांना सेव्हन्टी-सिक्स सांगत होतास. त्या आजोबांना पण. तू इतका खूश होतास. मला तुला... खोटं नव्हतं पाडायचं.”

जन्मतः सगळे खेळ कळणारा तो माणूस आपल्या पोरासमोर नुसता उभा राहिला. वाउटरला यातलं इंग्रजी तेवढं कळलं होतं, पण त्याने मध्ये तोंड घातलं नाही. मग रविकांतने शामलाच्या हातातला कागद मागून घेतला. तिने लिहिलेलं कारण वाचलं. खिशातून पेन काढून त्याने पंच्याऐंशीवर काट मारली आणि शहाऐंशी लिहिलं, आणि खाली त्याच मोत्यासारख्या अक्षरात इंग्रजीत लिहिलं, की चौथी आणि पाचवी इनिंग मी मोजली, चूक माझी. पूर्ण नाव लिहिलं. सही केली. कागद वाउटरला दिला. वाउटरने कागदाची घडी केली आणि तो बाकीच्या मुलांकडे गेला.

पोराचा उजवा हात अजून खिशातच होता. रविकांतचं लक्ष तिथे गेलं. शामलाचंही गेलं, आणि ती मनातून शरमली. रविवारपासून ते सगळेजण याच हाताबद्दल बोलत होते. किती चेंडू टाकले, किती टाकता येतील, ब्रेडाचे डावरे त्याच्यापुढे टिकतील की नाही. तिने स्वतः त्याच्या नावाने वहीभर रेघा मारल्या होत्या.

“अद्वय,” रविकांत म्हणाला, “हात दुखतोय का रे?”

पोराने एकदा मैदानाकडे पाहिलं, एकदा बापाकडे.

“हो,” तो म्हणाला. “पाचव्या इनिंगपासून.”

रविकांतने त्याच्या खांद्यावरची किटबॅग उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतली.