पॅचची आतली बाजू

छावणीच्या गावात कपडे दुरुस्तीचं दुकान टाकायचं म्हणजे सैनिकांच्या बाह्यांवर पोट भरायचं. इंग्लंडात, लीड्सच्या उत्तरेला आमचं हे गाव. इथे लग्नाचे झगे कमी आणि वर्दीचे शर्ट जास्त येतात. दंडावर ब्रिगेडचा पॅच शिवायचा, बदली झाली की उसवायचा, नवा लावायचा. माझे वडील महार रेजिमेंटमध्ये होते. अंगावरच्या खुणेचा मान काय असतो, हे मला कुणा गोऱ्याने शिकवायची गरज नव्हती.

पॅचच्या आतल्या बाजूचं मात्र या सैनिक पोरांकडूनच कळलं. बाहेरची बाजू सरकारची, ती साहेब तपासतो. आतली ज्याची त्याची. बरोबरचा कुणी मेला की उरलेले आपापला पॅच उसवून पॅचच्या मागच्या बाजूला मेलेल्याच्या नावाची अक्षरं शिवून घेतात आणि पॅच परत बाहीवर लावतात. कुणाला दिसत नाहीत, फक्त दंडाला लागत राहतात. पलटणी अफगाणिस्तानात हेल्मंदला जायला लागल्यापासून हे काम माझ्याकडे फार यायचं. मी निमूट शिवायचे.

२००९च्या उन्हाळ्यात तिथेच माझा मुलगा प्रज्ञेश गेला. रस्त्यातला सुरुंग. पेटी घरी आली, पण उघडू दिली नाही. मला त्याला शेवटची आंघोळसुद्धा घालता आली नाही.

पानं गळायच्या सुमाराला त्याची पलटण परतली. दुकानात शर्ट येऊ लागले. तुटलेली बटणं, फाटके खिसे, उसवलेल्या शिवणी. पॅचचं काम एकही नाही. पाणी कुठंतरी मुरत होतं. एकदा खिसा शिवताना एका शर्टाच्या बाहीकडे लक्ष गेलं. पॅच ताजा लावलेला, टाके वेडेवाकडे. मी कोपरा उसवला. आत माझ्या मुलाची अक्षरं होती. मला त्रास नको म्हणून पोरांनी ती पलीकडच्या ड्रायक्लीनरकडून शिवून घेतली होती.

माझं डोकंच फिरलं.

“अगं लीला, they meant well,” आमचे हे म्हणाले. भगवान सोनावणे, सगळी हयात कौन्सिलच्या ऑफिसात गेली, आवाज म्हणून कधी चढला नाही. “तुझ्यासाठीच केलं ना त्यांनी? लेट इट गो.”

“अहो, माझ्या पोराचं नाव कुणीतरी गोणपाट शिवल्यासारखं शिवायचं आणि मी इथे बटणं लावत बसायची? मला त्याच्यासाठी करण्यासारखं आता दुसरं उरलंय काय?”

 मग तेच उठून कोट घालून बॅरॅकच्या गेटवर पोरांना शर्ट घेऊन बोलावल्याचा निरोप द्यायला गेले.

पोरं आली. दाराशी घुटमळली, चोरी सापडल्यासारखी माना खाली घालून. मी एकेकाचा शर्ट घेतला, ड्रायक्लीनरचे टाके उसवले, अक्षरं नीट बसवली. रडले नाही. काम करताना मला रडू येत नाही.

शेवटी उरला कॅलम, प्रज्ञेशचा जिवलग. आमच्या घरी येऊन चार चार पोळ्या खाणारा. त्याच्या अंगावरच्याच बाहीचा पॅच कोपऱ्यात उसवला तर आत काहीच नव्हतं.

“तुझं का नाही?”

तो इंग्रजीत बोलला, पण मला ते मराठीतच आठवतं. “मिसेस सोनावणे, मला तो हक्क नाही. त्या दिवशी पुढे चालायची पाळी माझी होती. सुरुंग शोधायचं यंत्र माझ्याच हातात होतं. हात इतके कापत होते की धरता येईना. प्रज्ञेश म्हणाला, दे इकडे.”

माझ्या हातात कात्री होती. खोटं कशाला सांगू, मला त्याचा राग आला. तू का नाही मेलास, हे शब्द अगदी ओठांवर आले. धम्म सांगणाऱ्या घरातली बाई मी, रोज पंचशील म्हणते, पण त्या क्षणी त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

“तुझ्या आईला सांगितलंस?”

त्याने मान हलवली. नाही.

“शर्ट काढ.”

मी दोरा दुहेरी घेतला. प्रत्येक अक्षरावरून दोनदा फिरले. शर्ट झिजून जाईल, पण हे सुटणार नाही, अशी शिवण घातली. पॅच बाहीवर बसवला आणि शर्ट त्याच्याकडे टाकला. त्याने तो घातला.

“तुम्ही मला माफ केलंत?”

“नाही,” मी म्हणाले. “पण घालायचास तू. रोज.”

पॅच नीट बसलाय का बघायला मी त्यावर तळवा दाबला. आतल्या गाठी हाताला लागल्या.

“टोचतंय?”

“हो.”

“टोचू दे.”

कापडाखाली त्याचा दंड गरम होता. मी हात काढायला हवा होता. काढवेना.