केवलराम मास्तरांचे भिंग

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. माझी कड पितळेची आहे, मूठ शिसवीची, आणि डाव्या बाजूला एक ओरखडा आहे.

१९३१ साली अर्जुनीच्या शाळेतल्या हेडमास्तरांनी मला केवलरामला दिले. तो ढीवर समाजातला अठरा वर्षांचा मुलगा. त्याचे वडील टिकाराम रानातल्या ऐनाच्या झाडांवर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, अळ्या पाळत. केवलराम कात टाकणाऱ्या अळीसमोर तासन्‌तास बसे आणि दिसेल ते पाटीवर टिपून ठेवी. हेडमास्तरांनी त्याचे नाव नागपूरच्या नॉर्मल स्कूलसाठी पाठवले. मास्तर होण्याचा तोच रस्ता होता आणि त्याला दुसरे काहीही नको होते.

कोसा पाळणाऱ्यांचा एक नेम असे. अळ्या झाडावर असेपर्यंत दाढी-केस काढायचे नाहीत; काढले तर अळ्या मरतात, अशी समजूत होती.

निवडीसाठी गोंदियाला जायच्या सकाळी केवलरामने मला एका अळीवर धरले. तिच्या अंगावर मिरपूड उडवल्यासारखे काळे ठिपके होते. शेजारच्या तीन अळ्यांवरही होते. रोग लागला होता. आजारी अळ्या वेचून जाळायला बापलेकांना चार दिवस लागले असते आणि निवड हुकली असती.

"काय पाहून राहिलास रे?" टिकारामने विचारले.

"काही नाही, बा."

"तुझा बाप बिनभिंगाचा पाहते, तरी कोसा होतेच."

केवलराम हसला नाही. मला खिशात घालून तो निघाला.

गोंदियात निवड करणाऱ्या साहेबांनी त्याच्याकडे पाहिले. "मास्तर बनना है कि साधू? पहले नाई के पास जाओ."

तो गेला. गुळगुळीत गालांनी परत आला आणि निवडला गेला.

चौथ्या दिवशी तो रानात पोचला, तेव्हा ऐनाखाली काळ्या पडलेल्या अळ्यांचा सडा होता. टिकाराम मुलाच्या गालांकडे बघत राहिला.

"दाढी काऊन काढलास, बापू?"

केवलरामने मान खाली घातली. दाढीचा दोष त्याला सोसता येणार होता, ठिपक्यांचा नव्हता.

पुढे तो मास्तर झाला. मुलांनी माझ्यातून मुंगीचे डोळे पाहिले, धानाचे फूल पाहिले, माझे कौतुक केले. टिकारामने मात्र पुन्हा कोसा पाळला नाही. सत्तेचाळीस साली तो अंथरुणाला खिळला आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागला, "अळ्या झाडावर असतानी मीच पाठवलो त्याले. माहीच चूक."

केवलराम उशाशी उभा होता. मी त्याच्या मुठीत होते. त्याने मला खिशात टाकले आणि बापाचे पांघरूण सारखे केले. बाप गेल्यावर त्याने मला पेटीत टाकले. आता माझ्यावर बुरशी चढते आहे.

मित्रांनो, बुरशी मऊ फडक्याने निघते. पण भिंगातून जे दिसेल ते त्याच दिवशी सांगा, आणि ज्याचे नुकसान होणार आहे त्याला आधी सांगा. टिकारामची काहीच चूक नव्हती. ठिपके मीही पाहिले होते, पण हे सांगायला मला सोळा वर्षे लागली आणि ऐकायला तो उरला नाही.