बायकोचं माप

"पाच नंबर," ती ठणकावून म्हणाली. "आणि उगाच वाद घालू नका. माझा नवरा बूट बनवतो. एकतीस वर्षं मी त्याच्या दुकानात शिलाई मारतेय. मला माझा नंबर माहीत नसेल तर काय तुम्हाला असेल?"

बुटांच्या त्या नव्या दुकानातली बाई हसली नाही, रागावलीही नाही. चष्मा कपाळावर सरकवून तिनं मापाची पाटी जमिनीवर ठेवली. "असू द्या हो काकू. फक्त उभ्या राहा. बसून माप घेतलं की पाय खोटं बोलतो."

आता हे वाक्य तिच्या नवऱ्याचं होतं. शब्दन् शब्द त्यांचं. सगळे लोक त्यांना 'मापवाले' म्हणायचे ते काही उगाच नाही. गिऱ्हाईक कितीही जुनं असो, दर वर्षी नवं माप. "पाय जिवंत असतो साहेब," ते सांगायचे, "पसरतो, उतरतो, वाकतो. जुन्या मापावर बूट शिवणारा माणूस कारागीर नव्हे, चोर." मग गिऱ्हाइकाला कागदावर उभं करायचं, पायाभोवती पेन्सिल फिरवायची, फीत गुंडाळायची, आणि त्या गिऱ्हाइकाचा लाकडी फर्मा, म्हणजे ज्यावर बूट बेततात तो पायाचा साचा, त्या मापाबरहुकूम तासायचा नाहीतर चामड्याचे तुकडे चिकटवून भरून काढायचा. प्रत्येकाचा फर्मा वेगळा, भिंतीवर खुंटीला टांगलेला. हे भाषण तिनं मशीनवर बसून इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं. म्हणून ती मुकाट्यानं उभी राहिली.

"साडेसहा," बाई म्हणाली. "आणि पाय रुंद आहे, चांगला ऐसपैस."

"पाटी बिघडलीय तुमची."

"बरं, तसं समजा." बाईनं तिचा काढून ठेवलेला काळा बूट उचलला, नवऱ्यानं मागच्याच वर्षी शिवलेला, आणि तिच्या उघड्या पायाशेजारी ठेवला. पाय दोन्हीकडून बाहेर. करंगळीकडून अर्धं बोट, अंगठ्याकडून ते वर आलेलं हाड धरून त्याहून जास्त. "रागावू नका काकू, पण या बुटात तुम्ही पाय घालता तरी कसा?"

कसा म्हणजे? रोज सकाळी घालते तसा! करंगळी आत दुमडून, अंगठा आडवा करून, ओठ आवळून. सगळ्याच बायका तसा घालत असतील असं तिला वाटायचं. बूट म्हटला की तो थोडा चावायचाच.

इथं ती आली होती ताईपायी. ताई, तिची थोरली बहीण, बसमध्ये कंडक्टर होती आणि नुकतीच निवृत्त झाली होती. समुद्राच्या कडेकडेनं थेट दीपगृहापर्यंत चालत जायचं हे दोघींनी लहानपणीच ठरवलेलं. नऊ दिवसांची वाट. दोन वर्षांपूर्वी निघाल्याही होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारीच हिच्या दोन्ही करंगळ्या सोलून निघाल्या, अंगठ्याचं नख काळंनिळं झालं, आणि ताईनं तिला गाडीत घालून घरी आणून सोडलं. वाटेत ताई एक शब्द बोलली नाही. ते तिला नखापेक्षा जास्त लागलं.

आणि मापवाल्यांना तेव्हापासून एक विनोद सापडला. पाहुणे आले की झालं सुरू. "आमच्या हिला चालणं सोडून सगळं जमतं हो! पायच नाजूक, जन्माचे!" सगळे हसायचे. तीही हसायची, कारण तिलाही ते खरं वाटायचं.

या वेळी ताईनं निक्षून बजावलं होतं. "एक पिशवी, एक जोड. हलका, पातळ तळाचा, टाच नसलेला, बोटं मोकळी राहतील असा बघ. आणि ऐक, या वेळी मागं फिरलीस तर मी तुझ्याबरोबर परत यायची नाही. मी एकटी पुढं जाईन. माझे गुडघे काही जन्मभर पुरायचे नाहीत."

तरीही तिनं आधी बोट दाखवलं ते सगळ्यात जाडजूड बुटांकडे. जाड तळ म्हणजे मजबूत, हे घरीच शिकलेली. बाईनं त्यांतली आतली मऊ पट्टी ओढून काढली आणि तिला त्या पट्टीवर उभं केलं. करंगळी बाहेर. "नको," बाई म्हणाली. "गादी कितीही मऊ असली तरी पलंगच अरुंद असेल तर माणूस खाली पडणारच की." दुसरा जोड रुंदीला बरा, पण त्याचा तळ फळीसारखा ताठ. बाईनं तो दोन्ही हातांनी वाकवून पाहिला, वाकला नाही. तिसरा आणला तो राखाडी, पातळ, मऊ. बाईनं त्याची गुंडाळी करून मुठीत धरली.

"हा बूट आहे की पोतेरं?"

"घालून तर बघा."

तिनं पाय घातला आणि बोटं पसरली. पाचच्या पाच, आपापल्या जागी. अंगठ्यापुढं बोटभर जागा उरली. ती दारापर्यंत गेली, दुकानाच्या पायऱ्या उतरली, बाहेरच्या खडबडीत फरशीवर दहा-बारा फेऱ्या मारल्या. पायाखाली फरशीचा प्रत्येक सांधा कळत होता. आता चावेल, मग चावेल, म्हणून वाट बघत होती. कुठलं काय!

आनंद व्हायला हवा होता ना? झाला तो संताप. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती नेमकी कोणत्या वाटेनं जाते हे तिला त्या फरशीवर कळलं. पाय नाजूक नव्हते. पाय धडधाकट होते! एकतीस वर्षं तिनं आपल्याच पायांना शिव्या घातल्या, त्यांची लाज वाटून घेतली, चारचौघांत ते खुर्चीखाली लपवले. जुने बूट तिनं तिथंच ठेवले, पैसे चुकते केले आणि नवे घालून तरातरा घरी निघाली.

खाली दुकान, वर राहायच्या दोन खोल्या, असं त्यांचं घर. दुकानात मापवाले एका वकिलाला कागदावर उभं करून भाषण देत होते. "पाय जिवंत असतो साहेब..." तेवढ्यात त्यांची नजर तिच्या पायांवर गेली.

"हे काय गं? पायपुसणं बांधून आलीस?" आणि वकिलाकडे वळून हसत, "आमच्या हिचे पायच नाजूक, त्यामुळे..."

"वकीलसाहेब, जरा बाजूला होता?" ती म्हणाली. तिचा आवाज असा होता की वकील एका पायात मोजा घेऊन टुणकन बाजूला झाला. तिनं नवा कोरा कागद अंथरला, बूट काढले आणि उभी राहिली. "घ्या माप."

"तुझं माप आहे की! हा काय तुझा फर्मा." खुंटीवरून त्यांनी तो काढलासुद्धा. गुळगुळीत, देखणा, बारीक.

"कधीचा आहे तो?"

मापवाल्यांनी फर्मा उलटासुलटा करून पाहिला.

"मी सांगते. लग्न झालं त्या वर्षीचा. मी बावीस वर्षांची होते. त्यानंतर दोन पोरं झाली. बाळंतपणात बाईचा पाय पसरतो, हे तुम्ही गिऱ्हाईक बायकांना किती वेळा सांगितलंत? मोजलंत कधी? तेव्हा मी कुठं होते? इथंच, या मशीनवर, तुमच्यापासून चार हातांवर!"

"अगं, लोकांसमोर..."

"लोकांसमोरच! विनोद लोकांसमोर केलात ना? माप घ्या."

मापवाले गुडघ्यावर बसले. तिच्या पायाभोवती त्यांनी पेन्सिल फिरवली. मग त्यांनी त्या रेघेच्या आत फर्मा ठेवला. मोठ्या माणसाच्या अंथरुणात लेकरू निजवावं तसा तो दिसत होता, चहूबाजूंनी जागाच जागा. वकिलानं दुसरा मोजा चढवला, "उद्या येतो" म्हणाला आणि सटकला.

"मग बोलायचंस ना," मापवाले जमिनीकडे बघत म्हणाले. "एकतीस वर्षांत एकदा तरी बोलायचंस."

हे मात्र त्यांनी बोलायला नको होतं.

"बोलले नाही? पहिल्याच वर्षी बोलले, चावतो म्हणून. तुम्ही म्हणालात, घालून घालून सैल होईल. थोरल्याच्या वेळी बोलले. तुम्ही म्हणालात, सूज आहे, उतरेल. मग म्हणालात, पायच नाजूक. आणि मी ऐकलं! का ऐकलं? तर तुम्ही मापवाले! पायांतलं तुम्हाला कळत नाही तर कुणाला कळणार? आणि त्या वकिलाला म्हणता का हो तुम्ही, 'साहेब, चावत असेल तर बोलायचंत ना'? नाही. त्याला सरळ कागदावर उभं करता. दर वर्षी. न सांगता."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा असा समोर उभा राहून ओरडायला लागला तर माणूस काय बोलणार? मापाचा कागद उचलत ते म्हणाले, "निघायला तीन दिवस आहेत ना? मी करून देतो."

"करा नाहीतर नका करू," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

पुढचे दोन दिवस ती मशीनवर बसली नाही. राखाडी बूट घालून सकाळ-संध्याकाळ चालायला जायची, पाठीवर भरलेली पिशवी घेऊन, पातळ तळाची पायांना सवय व्हावी म्हणून. पहिल्या दिवशी पोटऱ्या भरून आल्या, दुसऱ्या दिवशी कमी. खाली ठोकाठोक चालू असायची.

निघायच्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन खाली आली, तर टेबलावर जोड तयार. तपकिरी, मऊ चामड्याचा, तळ पातळ, टाच नाहीच, पुढं बोटांना ऐसपैस जागा. शिलाईसुद्धा त्यांनी स्वतः मारली होती, जरा वाकडी. "घालून बघ," मापवाले म्हणाले. डोळे तांबारलेले, बोटांना डिंक.

तिनं घातले. चार पावलं टाकली, मग दारापर्यंत जाऊन आली. राखाडी जोडाला कुठं टाचेशी थोडी ढिलाई होती, इथं तीही नाही. असा बूट तिच्या पायांना उभ्या जन्मात मिळाला नव्हता.

"बसले?"

"बसले. किती वेळ लागला?"

त्यांची छाती फुगली. "दोन दिवस! दुसऱ्या कुणाला आठवडा लागला असता."

ती स्टुलावर बसली. एकेक करून तिनं तपकिरी बूट काढले, टेबलावर नीट जोडून ठेवले आणि राखाडी चढवले.

"का गं? नाही आवडले?"

"आवडले. फार आवडले." हेही तिनं रागानंच म्हटलं. "म्हणूनच माझ्यानं घालवत नाहीत. दोन दिवसांचं काम होतं, अहो! दोन दिवसांचं!"

पिशवी खांद्याला लावून ती ताईकडे निघाली. मापवाले जोड हातात घेऊन दारात उभे राहिले.