कोणता मामा?

लातूरच्या प्रशिक्षणात मंजुश्री सिस्टरच्या हातून रबरी बाहुला मेला, तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. ती स्वतःही हसली होती. आज तिला त्या हसण्याची चीड येते.

अहमदपूरच्या एका खाजगी दवाखान्यात ती वॉर्डची मुख्य सिस्टर. नुसती इंजेक्शनं देता येऊन भागत नाही, ऐनवेळी माणसं कामाला लावता आली पाहिजेत, म्हणून तिला तिकडं पाठवलं. तिथं वॉर्ड खोटा, पेशंट खोटा आणि हाताखाली इतर दवाखान्यांतून आलेली मंडळी. पडद्यामागून कुणीतरी बटण दाबलं की बाहुल्याचा श्वास अडकायचा. पहिल्याच फेरीत मंजुश्री ओरडली, "मामा, ऑक्सिजन आणा!" दवाखान्यातल्या कामगाराला मामा आणि कामगार बाईला मावशी म्हणायची आपली रीतच आहे. मामा झालेले दोघं एकमेकांकडं बघत उभे राहिले आणि बाहुला गेला.

"कोणता मामा?" शिकवणाऱ्या शिवानी मॅडमनी विचारलं. "नाव घ्या. आणि तो 'आणतो' म्हणेपर्यंत त्याच्यावरची नजर काढू नका."

शेवटच्या फेरीत तिनं खणखणीत आवाज दिला, "मल्लेश, सिलिंडर आण!" नांदेडहून आलेला मल्लेश तिच्यापेक्षा लहान, जीभ अडखळायचं कारणच नव्हतं. बाहुला वाचला. टाळ्या पडल्या.

अहमदपुरात मात्र मामा होते धोंडप्पा आणि फारूक, दोघंही तिच्या वडिलांच्या वयाचे. शिरूर अनंतपाळच्या घरात थोरांचं नाव घेतलं की आई डोळे वटारायची. ते वळण काय प्रशिक्षणानं जातंय होय!

पुढं एका दुपारी दम्यानं दाखल असलेल्या हाजराबींचा श्वास अडकला. सकाळीच त्या आपल्या सासूचा दाखला देत मंजुश्रीला चिडवत होत्या, "बेटी, तेरे इंजेक्शन से तो मेरी सास अच्छी थी." भिंतीवरच्या नळीचा ऑक्सिजनही नेमका तेव्हाच बंद पडला. दोन्ही मामा खाटेपाशीच होते. हाजराबींच्या तोंडावर मास्क दाबून धरत मंजुश्री मान वर न करताच ओरडली, "मामा, सिलिंडर आणा! पळा!"

धोंडप्पाला वाटलं, फारूकला सांगितलं. तो खाटा सरकवून वाट करू लागला. फारूकला वाटलं, धोंडप्पाला सांगितलं. तो डॉक्टरांना बोलवायला धावला. सिलिंडर कोठीतच राहिला. मंजुश्रीनं मान वर केली तेव्हा हे तिच्या ध्यानात आलं. तिनं बोट दाखवून पाठवलेला धोंडप्पा सिलिंडर घेऊन येईपर्यंत हाजराबी गेल्या होत्या.

हृदय आधीच कमजोर होतं, मनाला लावून घेऊ नका, असं डॉक्टर म्हणाले. पण हाजराबींची मुलगी हुस्ना आईच्या चपला पिशवीत घालू लागली, तेव्हा मंजुश्रीला तिथं उभं राहवेना. ती बाहेर पायरीवर येऊन रडली. धोंडप्पा शेजारी येऊन बसला.

"ताई, मला वाटलं तुमी फारूकला सांगायलाव. माझं नाव घ्यायचं होतं की वो."

"तुमचं नाव मी कसं घेऊ, मामा?"

"धोंडप्पामामा म्हनायचं. त्येच्यात काय हाय?"

खरंच, त्यात काय होतं? इतकं साधं तिला सुचलंच नव्हतं, आणि मॅडमनाही नाही.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात शिरताच तिची नजर हाजराबींच्या रिकाम्या खाटेवर गेली आणि तोंडातून आपोआप हाक निघाली, "धोंडप्पामामा!"

तो हातातलं काम टाकून धावत आला. "आलो, ताई. काय आनू?"

आणायला आता काहीच नव्हतं.