पेन्सिलची रेघ

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे, आपल्या देशातल्या रस्त्यांचा. सध्या माझा मुक्काम एका मोटारीच्या पुढच्या काचेत असतो आणि माझे तोंड बाहेर उन्हाकडे केलेले असते. ही वेळ माझ्यावर कोणी आणली, ते ऐका.

छापखान्यातून निघालो तेव्हा मी कडक घड्यांचा आणि जरासा शिष्ट होतो. भूगोलाच्या एका मास्तरांनी मला घरी आणले. सहलीच्या आधी ते मला जेवणाच्या टेबलावर पसरत आणि चार कोपऱ्यांवर डब्यांची झाकणे ठेवत. त्या घराचा एक नियम होता. जायचा रस्ता पेन्सिलने आखायचा आणि जाऊन आल्यावर तो लाल शाईने गिरवायचा. मास्तरीणबाई समासात लिहीत, ‘इथे चहा चांगला’, ‘या वळणावर लेकीला उलटी’. मास्तर शेजाऱ्यांना सांगत, “आमचा नकाशा कधी चुकत नाही!” मी फुलून जाई. रस्ता चुकायचे ते मास्तरच, पण मी ते कधी बोलून दाखवले नाही.

एक रेघ मात्र पेन्सिलचीच राहिली. ती जमीन संपते तिथल्या दीपगृहापर्यंत जात होती. कधी गाडी बिघडली, कधी लेकीची परीक्षा आली. अशी अकरा वर्षे गेली. “तुला घेऊनच जाणार बरं का,” मास्तर त्या रेघेवरून बोट फिरवत मला म्हणत. मी विश्वास ठेवला. किती भोळा मी!

यंदा जायचे ठरले. पण टेबलावर मला कोणी पसरलेच नाही. मास्तरांचे बोट आता फोनवर फिरत होते. निघताना मास्तरीणबाईंनी विचारले, “अहो, नकाशा घेतलात ना?”

“घेतलाय की. गाडी उन्हात उभी राहिली की काचेला लावायला!”

लेक खो खो हसली. तिची उलटीसुद्धा मी इतकी वर्षे जपून ठेवली होती.

दीपगृहापाशी गाडी थांबली आणि मला काचेत उभे केले. समोर तेच दीपगृह, पांढरेशुभ्र. तिघेही माझ्याकडे पाठ करून निघाले. मास्तर म्हणाले, “फोन नसता तर पोचलोच नसतो!” हा विश्वासघात होता, मित्रांनो. मला दुसरा शब्द सापडत नाही.

तरी मी आशा सोडली नाही. घरी परतल्यावर मास्तरीणबाईंनी गाडीचा कप्पा उघडून लाल पेन काढलेही. “अहो, ती रेघ गिरवायची राहिली.”

“राहू दे गं. नकाशा बघतंय कोण आता?”

पेन परत कप्प्यात गेले.

तेव्हापासून मी रोज ऊन खातो आहे. माझ्या नद्या फिक्या पडल्या. लाल रेघाही उडत चालल्या. पेन्सिल मात्र उन्हाने उडत नाही. उद्या माझ्यावर तेवढी एकच रेघ उरेल आणि पाहणाऱ्याला वाटेल, ही माणसे कधी कुठे गेलीच नाहीत.

मित्रांनो, नवे सोबती खुशाल करा. मला पुन्हा कुठे न्यावे असेही माझे म्हणणे नाही. लाल पेन इथेच, माझ्या खालच्या कप्प्यात आहे. कोणीतरी तो कप्पा एकदा उघडा.