मौनपूरच्या म्हातारीची शेजारीण

नवरात्र बसलं त्याच दिवशी मी स्कूटीवरून पडले आणि उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात झेंडू तोडायला आला होता, चौदा बायका कामाला लागल्या होत्या, आणि घरची सून मात्र बांधावर रिकामी बसलेली.

माझ्या सासूबाई, नवसाबाई, म्हणाल्या, "हात चालत नाय तर तोंड चालव, शुभांगी. वाच काहीतरी मोठ्यानं."

हाताशी होती ती 'मौनपूर' ही कादंबरी, माझी पुतणी वेदिका हिला कॉलेजात लागलेली. वाल्मीक खैरनार यांनी ती सत्त्याऐंशी साली लिहिली. अभ्यासकांत तिचं फार नाव आहे, म्हणे. तिच्यात पुढच्या काळातलं एक शहर आहे. तिथं प्रत्येकाच्या कानात एक गुंडी बसवलेली. काय खायचं, कुणाशी किती बोलायचं, कशाचा राग धरायचा, सगळं ती सांगते. हळूहळू माणसं एकमेकांशी बोलायचंच विसरतात. शेवटी एक म्हातारी तेवढी बोलणारी उरते. तिला काचेच्या पेटीत बसवतात आणि बघायला तिकीट लावतात.

मला वाटलं, बायका कंटाळतील. उलट दुसऱ्या दिवशी त्या अर्धा तास आधीच आल्या. सिंधुबाई तर फुलं तोडता तोडता मौनपूरच्या कारभाऱ्यांना शिव्या घालायच्या. "माझा नातू कानात तसलंच घालून बसतो. हाक मारली तर वळत नाय. या लिहिणाऱ्याला तवाच कसं कळलं?"

चौथ्या दिवशी पुस्तक संपलं आणि मळ्यात गदारोळ उठला. शेवट कुणालाच पटला नाही. नवसाबाईंनी हुकूम सोडला, "लाव त्या माणसाला फोन."

नंबर वेदिकाच्या सरांनी दिला. लेखक अंबडच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, राहायला इथंच शहरात, सिडकोत.

"किती जणी ऐकत होत्या?" त्यांनी विचारलं.

"चौदा. शिवाय सासूबाई."

त्यांनी मळ्याचा पत्ता लिहून घेतला. मग म्हणाले, "उद्या येतो."

सकाळी दहाला आले. उंच, सडपातळ, पांढरी मिशी, चेहरा उदास. बांधावर बसल्या बसल्या म्हणाले, "मी इशारा दिला होता. कुणी ऐकला नाही. आता बघा, ते शहर आलंच."

"कुठं आलंय?" सिंधुबाईंनी कमरेवर हात ठेवले. "आम्ही सकाळपासून गप्प हाय का? आणि मला सांगा भाऊ, त्या म्हातारीला पेटीत घातली तवा तिची शेजारीण कुठं होती?"

"शेजारीण?"

"आख्ख्या पुस्तकात तिला शेजारीणच नाय! आमच्या आळीत कुणाला असं उचलून तर न्या, बघा काय होतंय ते."

लेखक गोंधळून सगळ्यांकडे बघू लागले. "चाळीस वर्षं या पुस्तकावर भाषणं केली," ते हळूच म्हणाले. "हे कुणी विचारलं नाही. खरं सांगतो, मला सुचलंच नाही."

एवढं बोलून त्यांना जे हसू फुटलं ते थांबेना. डोळ्यांत पाणी आलं. बायकाही हसायला लागल्या. मग प्रत्येकीनं शेजारीण कशी असावी ते सांगायला सुरुवात केली. एक म्हणाली भांडखोर पाहिजे, दुसरी म्हणाली आधी तिला साखर मागायला पाठवा. लेखक खिशातल्या बसच्या तिकिटामागे लिहून घेऊ लागले. जागा संपली तशी नवसाबाईंनी खताच्या पावतीची पाठ दिली. दुपारी उपासाची भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाऊन त्यांनी तीन क्रेट फुलंही तोडली. निम्मी देठासकट तोडली म्हणून बोलणी खाल्ली, तीही आनंदानं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर. सोबत बायको, प्रतिभाताई.

"या कादंबरीबद्दल मलाही बरंच बोलायचंय," पदर खोचत ताई म्हणाल्या, आणि सिंधुबाईंच्या शेजारची ओळ धरून झेंडू तोडायला लागल्या.