दंडाचं माप

दवाखान्यातल्या माझ्या खोलीच्या भिंतीवर एक तक्ता आहे, तो मी स्वतः केलाय. हजार-हजार ठिपक्यांचे चार चौकोन. एक ठिपका म्हणजे एक बाई, आणि लाल ठिपका म्हणजे पाळणा लांबवायचं साधन वापरूनही वर्षभरात दिवस गेलेली बाई. इंजेक्शनच्या चौकोनात चाळीस लाल ठिपके. तांबीच्या चौकोनात आठ, तांबीसारखंच पण औषध सोडणारं जे साधन येतं त्यात त्याहून कमी, आणि दंडात बसवायच्या काडीच्या चौकोनात फक्त एक. नवे डॉक्टर माझ्या तक्त्याला हसतात आणि मग बायकांना समजवायला तोच वापरतात.

एक मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा दहा मिनिटं नुसतं ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं. डोकं दुखतं, झोप लागत नाही. बाहेर बाकावर अकरा जणी खोळंबलेल्या. शेवटी मीच म्हटलं, "मूल नकोय ना? मग तसं सांग की."

मग सगळं बाहेर आलं. ती गोदीत क्रेन चालवायला शिकत होती. दोन वर्षांचं शिक्षण, त्यातले चार महिने झालेले. दिवस गेले की त्या उंच केबिनमध्ये चढू देत नाहीत, आणि एकदा सुटलेली जागा परत मिळत नाही. घरी एक वर्षाची लेक, तिला सासूबाई सांभाळायच्या. आणि त्याच सासूबाईंना दुसरं नातवंड हवं होतं, तेही लगेच. रोज जेवताना विषय निघायचा. नवरा आईच्या शब्दाबाहेर नाही.

"इंजेक्शनचे इतके लाल का?" तिनं विचारलं.

"औषध चांगलंच आहे. तारीख पाळली तर हजारात दोन-तीन. पण दर तीन महिन्यांनी वेळेवर येतं कोण? कुणाचं मूल आजारी, कुणाकडे पाहुणे. ते ठिपके औषधाचे नाहीत, संसाराचे आहेत."

तिची ड्यूटी दर आठवड्याला बदलायची, म्हणजे ते बाद. तांबी वर्षानुवर्षं टिकते, पण हिला आधीच पाळीत अंगावरून फार जायचं, आणि तांबीनं ते वाढू शकतं. औषध सोडणारं साधन आमच्याकडे तेव्हा संपलेलं. राहिली काडी. तिनं त्या एकुलत्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं.

"आणि घरात कळायचं प्रमाण? ते हजारात किती?"

मी वैतागले. "त्याचा तक्ता नाही केलेला मी. काडीपेटीतल्या काडीएवढी असते, कातडीखाली. मुद्दाम दाबून बघितल्याशिवाय कुणाला कळायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

किती छातीठोकपणे म्हणाले मी, आणि डाव्या दंडात काडी बसवूनही दिली. सासूबाई काय करतात, एवढा एक प्रश्न मात्र विचारला नाही.

दोन महिन्यांनी ती परत आली, गणवेशातच. चेहरा उतरलेला. दार लावून घेतलं आणि म्हणाली, "काढून टाका."

सासूबाई शिवणकाम करायच्या, हे तेव्हा कळलं. तीस वर्षं. गोदीतून गणवेशाचं कापड मिळालं आणि त्या माप घ्यायला बसल्या. खांदे झाले, छाती झाली, मग डाव्या दंडाला टेप गुंडाळली आणि त्यांचा अंगठा थांबला. पुढे सरकला, मागे आला, परत थांबला.

"काही म्हणाल्या?"

"काहीच नाही. उजव्या दंडाचं माप घेतलं आणि लिहून ठेवलं. त्याला आता पंधरा दिवस झाले. तेव्हापासून बाळाचा विषय बंद. एकदासुद्धा नाही काढला. परवा ह्यांनीच काढला, तर म्हणाल्या, आधी तिचं लायसन येऊ दे. मला टोमणाच तो. त्यांनी ह्यांना सांगितलं, किंवा लेकीला सांभाळणार नाही म्हणाल्या, की माझं शिकणं संपलं. त्यापेक्षा आधीच काढते. निदान त्यांनी विचारलं तर नाही म्हणता येईल."

मला स्वतःचाच राग आला. हजार ठिपके रंगवणाऱ्या बाईला शिंपिणीची बोटं आठवू नयेत? पण बाईनं काढ म्हटलं की काढायची, वाद घालायचा नाही, हे नव्या पोरींना मीच शिकवते. ट्रे मांडला. तिच्या शिक्षणाचे उरलेले अठरा महिने त्या ट्रेमध्ये जाणार होते, आणि मला काही बोलता येत नव्हतं.

आधी रक्तदाब बघावा म्हणून तिच्या शर्टाची उजवी बाही वर सरकवायला गेले. कोपराच्या वर जाईना, इतकी मापात बेतलेली. मग डावी घेतली. ती सरसर खांद्यापर्यंत गेली.

मी थांबले. बाही उलटी करून बघितली. गणवेशाचं कापड जाड, खरखरीत. पण आतून, बरोबर काडीच्या जागी, मऊ सुती कापडाचा चौकोनी तुकडा लावलेला. टाके इतके बारीक, की बाहेरून काही दिसत नव्हतं.

"हा शर्ट त्यांनीच शिवला?"

"हो. डावी बाही जरा ढगळ झालीय. नजर कमी झाली असेल त्यांची."

"तीस वर्षं शिवतात ना त्या? एकाच बाहीत नजर कमी होते होय? बोट लाव इथं."

तिनं त्या तुकड्यावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग वाकून टाके बघितले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. पंधरा दिवस ती सासूच्या गप्प बसण्याला घाबरत होती, आणि सासू पंधरा दिवस तोंड मिटून तिच्या बाजूनं उभी होती. माझे डोळे भरून आले, आणि मी उगीचच ट्रेमधली कात्री सरळ केली.

"काढायची असेल तर आत्ता काढते," मी म्हटलं. "तू म्हणशील तसं."

तिनं बाही खाली ओढली, मनगटाचं बटण लावलं. "राहू दे."

दारापर्यंत गेली आणि वळली. "सिस्टर, त्यांना काय सांगू मी?"

"बाकी काही नको. शर्ट मापात झालाय, एवढंच सांग."